धोब्याची वहिवाट

"धोबी हाजिर हैऽऽ!"

ही आरोळी परसातून आली तेव्हा मला त्या घरात राहायला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. भादव्याचं ऊन मी म्हणत होतं, घट बसायला थोडेच दिवस उरले होते आणि आमचं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं पडलं होतं. धोबी आपण होऊन दाराशी आला म्हटल्यावर मला हायसं वाटलं. चादरी, ह्यांचे सदरे, सासूबाईंनी दिलेली जडशीळ गोधडी असं सगळं बांधलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि परसदारी गेले.

तिथं धोबी नव्हता. घरमालक होते. त्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी घालून, हौदापासून अंतर राखून, हात पाठीमागे बांधून उभे होते.

"कुठं आहे धोबी?" मी विचारलं.

त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि मग तेच बोट हौदाकडे केलं. हौदातून सांडलेल्या पाण्यानं शेजारी ओल्या मातीचा एक पट्टा झाला होता. त्यावरून एक पक्षी चालत होता. चिमणीहून सडपातळ, पाठ राखी, पोटाला पिवळी झाक, आणि शेपटी सारखी खालीवर, खालीवर. दगडावर कपडा आपटावा तशी.

"देखा? म्हणून ह्याला धोबी म्हणतात," ते कुजबुजले. "गाठोडं खाली ठेवा सूनबाई. आहिस्ता. आणि आजपासून हौदावर धुणं बंद."

मला वाटलं, आपण घर चुकलो. धोबी आला म्हणून धुणं बंद, असं मी बापजन्मी ऐकलं नव्हतं. मागच्या दारातून एक कोरडा आवाज आला, "पाहायलीस काय अशी? आता सवय कर. मी किती वर्सं झाली, हेच ऐकायलेय."

त्या आक्का. घरमालकांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या, आणि भावाची बायको गेल्यापासून त्या घरच्या सर्वेसर्वा. त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे ओट्यावर त्यांच्या सगळ्या गोधड्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेल्या होत्या. माझ्या नजरेत ते आलं, पण नव्या भाडेकरणीनं काय बोलायचं? मी गाठोडं उचललं आणि घरात जाऊन ह्यांच्यावर चिडले.

हे घर औरंगपुऱ्याच्या मागच्या एका अरुंद गल्लीत होतं. आम्ही दोघं पैठणकडचे, शेतीवाडीतले. ह्यांना पाटबंधारे खात्यात नोकरी लागली म्हणून शहरात आलो होतो. पोलीस ॲक्शन होऊन दहाएक वर्षं झाली असतील. गल्लीत घरमालकांना सगळे पेशकार म्हणत. निजामाच्या काळात ते अदालतीत पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशाच्या खाली बसून कागद पुढे सरकवणारे, तारखा देणारे. काम सगळं उर्दूतून. मग राज्य बदललं. खोली तीच, खुर्ची तीच, पंखा तोच, पण कागद मराठीतून लिहायला लागले. घरात जन्मभर मराठी बोललेला हा माणूस मराठी लिहायला बसला की 'ळ'पाशी अडायचा. ते अक्षर त्यांच्या हाताला कधी लागलंच नव्हतं. नवी आलेली पोरं तोंडावर हसायची. मुदतीआधीच पेन्शन घेऊन ते घरी बसले. हे सगळं मला आक्कांनी भाजी निवडताना सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "तवापास्नं अदालत घरी आणली त्यानं. त्या कोर्टात निदान कोण हसत नाय."

कोर्ट खरंच भरायचं. सकाळी चहाचा पेला घेऊन ते परसात वेताच्या मोढ्यावर बसले की कामकाज सुरू. परस असं मोठं नव्हतं. एक लिंबू, एक पेरू, कुंपणाला लागून सीताफळीची दोन झाडं, कोपऱ्यात पारिजातक, आणि मधोमध तो हौद. शहराच्या जुन्या नहरीचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून त्यात यायचं आणि भरून वाहायचं. पावसाळा सरत आला की एवढ्याशा जागेत जी गडबड उडायची ती मी तोवर कधी पाहिली नव्हती. म्हणजे आमच्या शेतावर ह्याच्या दसपट पाखरं होती, पण तिथं ती ज्वारीवर पडायची आणि आम्ही गोफण घेऊन हाकलायचो. पाखराकडे पाहायचं असतं, हे मला ह्या घरात कळलं.

कुंपणावरचा सरडा म्हणजे फितूर साक्षीदार. "सकाळी हिरवा जबाब दिला, आता बघा, दुपारी बदलला," असं ते त्याला ऐकवायचे. लिंबाच्या झाडावर शिंपी होता. मला पोलकं शिवायचं होतं म्हणून मी भोळेपणानं विचारलं, "काका, इथं शिंपी कुठं बसतो?" तर त्यांनी मला लिंबाखाली नेऊन दोन पानं दाखवली, कडा जुळवून, दोरा ओवून शिवलेली. टाके खरोखरचे होते. मी तोंडात बोट घातलं. पोलकं शेवटी गुलमंडीतल्या शिंप्याकडेच टाकलं, पण तो टाके घालत असताना मी इतकी वाकून पाहायला लागले की तो म्हणाला, "बाई, माझ्यावर भरोसा नाय का?"

पारिजातकावर एक शक्करखोरा यायचा, फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी. उन्हाळ्यात काळाभोर, निळा चमकणारा. श्रावण-भादवा गेला की त्याचं सगळं तेज उतरायचं, बायकोसारखा मळकट पिवळा व्हायचा, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी राहायची. "पेन्शनीत निघाला," पेशकारकाका म्हणायचे. "शेरवानी जमा करून घेतली सरकारनं. पण पट्टी ठेवली बघा. तेवढी नाही देणार तो." आणि मग स्वतःच्या गळ्याशी हात न्यायचे. हे ते गमतीनं म्हणायचे की कसं, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही होतं.

त्यांची स्वतःची शेरवानी वर्षातून एकदाच बाहेर निघायची. धोब्याच्या दिवशी.

धोबी ही त्या कोर्टातली मोठी तारीख. पितृपंधरवडा लागला की काकांची घालमेल सुरू व्हायची. रोज संध्याकाळी ते हौदाशेजारची ओली माती तळहातानं सारवून एकदम गुळगुळीत करायचे, आणि सकाळी उठल्याउठल्या पेला हातात घेऊन पंचनाम्याला बसायचे. रात्रीतून मुंगूस गेलं, तर त्याची पावलं. खार आली, तर तिची. साळुंकीचं पाऊल रुंद, पोक्त. धोब्याचं पाऊल बारीक, तीन बोटं पुढं, एक मागं, आणि एका रेषेत, कारण तो चिमणीसारखा उड्या मारत नाही, माणसासारखा चालतो. असं एक पाऊल जरी उमटलेलं दिसलं तरी ते आत जाऊन शेरवानी काढायचे आणि तो प्रत्यक्ष दिसेपर्यंत ताटकळत उभे राहायचे. मग आरोळी. आरोळीनं तो बिचकून भिंतीवर जाऊन बसायचा. काका म्हणायचे, "हजेरी लावली, जाऊ दे. येतो परत." आणि तो यायचाही.

"पुकारा करायचं काम चपराश्याचं असतंय," त्यांनी मला एकदा सांगितलं. "मी इकडून नाव सांगायचं, त्यानं दारात जाऊन वरडायचं. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून पुकारलं, सूनबाई. लई वाटायचं, एकदा आपण वरडावं."

हा पक्षी कुठून येतो, हे त्यांना कोडं होतं आणि त्या कोड्याचा त्यांना कंटाळा येत नसे. छावणीतल्या एका फौजी माणसाला त्यांनी रस्त्यात गाठून विचारलं होतं. तो म्हणाला, काश्मीरकडं ओढ्याच्या काठानं असला पक्षी उन्हाळ्यात पाहिलाय. झालं, तेवढ्यावर काका बरीच वर्षं खूश होते. पण मग पुढचा प्रश्न. दर वर्षी येतो तो तोच, की दुसरा?

आमच्या ह्यांना असल्या गोष्टींत शंका काढायला आवडायचं. "पेशकारसाहेब, बर्फाच्या मुलखातून निघालेलं पाखरू आपल्या गल्लीत कसं पोचेल? मला गुलमंडीतून घरी येताना पहिल्यांदा दोनदा विचारावं लागलं."

"तुम्ही विचारलं. तो विचारत नाही. म्हणजे त्याला ठाऊक आहे," काका म्हणाले.

त्यांनी परीक्षासुद्धा घेतली होती. ओल्या पट्ट्यात एक लाल वीट पडलेली असायची. धोबी आला की आधी त्या विटेवर चढायचा, चौफेर पाहायचा आणि मग कामाला लागायचा. एका वर्षी तो यायच्या आधी काकांनी ती वीट उचलून पलीकडं ठेवली. धोबी आला तो वीट असायची त्या जागी उतरला, थबकला आणि तिथंच तीन-चार फेऱ्या मारत राहिला. काकांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी तो उडताच वीट जागेवर नेऊन ठेवली आणि भिंतीकडे पाहत "माफ करना" म्हणाले. मी पाहिलं आहे.

"आता तरी पटलं का?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"त्याचा मुलगाही असेल. बापानं सांगून ठेवलं असेल," हे म्हणाले.

"असू दे. तो असो नाहीतर त्याचा वारस असो. नाव कुणाचंही लागू दे. वहिवाट चालू आहे ना? कायदा वहिवाटीला मानतो."

हा शब्द त्यांचा फार लाडका. ओल्या मातीच्या त्या पट्ट्यावर धोब्याची वहिवाट होती. साबणाचं पाणी तिथं गेलं की किडे मरतात, किडे मेले की तो उपाशी, तो उपाशी राहिला की पुढच्या वर्षी येणार नाही, आणि वहिवाट मोडायचं पाप ह्या घराला लागणार. म्हणून मनाई हुकूम. तो आल्यापासून कोजागिरीपर्यंत हौदावर धुणं नाही. बादलीनं पाणी न्या, मोरीत धुवा. आता मोरीत सदरे धुता येतात. गोधडी धुऊन पाहावी कुणी. पाणी प्यायलेली गोधडी उचलायला दोन बायका लागतात, आणि ती बडवायला दगड लागतो. तो दगड हौदापाशी.

घट बसायच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुतली गेली पाहिजे, ही आक्कांची वहिवाट. ह्यावरून एकदा माझ्यासमोर चांगलीच जुंपली.

"माझी आय इथंच धूत होती," आक्का म्हणाल्या. "मी परकर नेसत होते तवापास्नं मी इथंच धुते. तुझं ते पाखरू कवापास्नं यायलंय? वहिवाट कुणाची जुनी?"

"तुझ्यापाशी दगड आहे, मोरी आहे, सगळं शहर आहे. त्याला एवढीच जागा."

"देवीला मळक्या घरात बसवू व्हय?"

"देवीला धोबी चालतो. तिनंच धाडलाय."

दोघांनी मिळून आमच्या ह्यांना न्यायाधीश केलं. हे सरकारी नोकर. त्यांनी दोन्ही बाजू गंभीरपणे ऐकून घेतल्या आणि तारीख पुढची दिली.

पण एक नवल मला लवकरच दिसायला लागलं. इतकी भांडणं होऊनही आक्कांचं धुणं कधी अडलं नाही. पितृपंधरवड्याच्या शेवटी एखाद्या दिवशी उजाडताउजाडता त्या माझी कडी वाजवायच्या. "ऊठ गं पोरी. आजच उरकून घेऊ समदं. आभाळ निरभ्र हाय." काका उठून पंचनाम्याला येईतो आमचं अर्धं धुणं दगडावर असायचं. दुपारपर्यंत दोऱ्या भरायच्या. आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी आरोळी. आमचं नशीब जोरावर आहे, असं मला वाटायचं. धोबी जणू आक्कांना विचारून यायचा.

फक्त एकाच वर्षी हे गणित हुकलं. आक्का तापानं अंथरुणाला खिळून होत्या. झाडलोट मी करत होते, तीही उन्हं वर आल्यावर. त्या वर्षी पंधरवडा अर्धाही सरला नव्हता तोच एका सकाळी काकांना पाऊल सापडलं आणि मनाई हुकूम निघाला. गोधड्या तशाच. शेवटी मी आणि हे बैलगाडी करून खाम नदीवर गेलो. ह्यांना धुण्याचं अंग नाही. आक्कांची एक गोधडी, त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्यांची, ह्यांच्या हातून सुटली आणि पाहतापाहता धारेला लागली. हे कमरेएवढ्या पाण्यात धावले, पण गोधडी गेली ती गेलीच. घरी येऊन सांगितलं तेव्हा आक्का तापानं उतरलेल्या डोळ्यांनी वर पाहत राहिल्या. भावाला एक शब्द बोलल्या नाहीत. तेच मला फार लागलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. पण हुकूम मागे घेतला नाही, तोही माणूस तसाच.

पुढं एका थंडीत काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांना जाड भिंगांचा चष्मा लागला. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या भादव्याचं.

त्या पावसाळ्यातच मला शंका आली होती. एकदा ते मला म्हणाले, "सूनबाई, ती काळी मांजर हाकला, साळुंक्यांवर टपून बसलीय." तिथं मांजर नव्हती. माझी घागर पालथी घातलेली होती. मी घागर उचलली आणि "शुक, शुक" केलं. दुसऱ्या दिवशी सरडा मोढ्यापासून हातभर अंतरावर मान डोलवत बसला होता आणि ते त्याला काहीच बोलले नाहीत. त्याला एरवी ते कधी सोडत नसत.

मग एक दिवस त्यांनी मला हाक मारून हळूच सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. डॉक्टर म्हणाले होते, अजून पिकू द्या, थंडीत काढू.

"सीताफळ आहे का पिकवायला?" ते हसले, आणि मग हसणं थांबलं. "सूनबाई, सगळं धुक्यात गेल्यागत दिसतंय. सकाळी पाऊल बघायला बसतो, तर माती दिसते, पाऊल दिसत नाही. यंदा तो येईल, समोर चालेल, आणि मी गैरहजर. पुकारणारा नाही म्हटल्यावर ती कसली हजेरी?"

"मी सांगेन की, काका."

"तुम्ही दिवसभर परसात बसणार का? आणि आक्काला बोलू नका. ती म्हणेल, बरं झालं, सुटले मी त्या धोब्यातून."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मोतीबिंदूचं म्हणा, नाहीतर कशाचं म्हणा. मला रडूच आलं. एवढासा पक्षी तो, येईल नि जाईल, पण ह्या माणसाला वर्षातून एकदा उभं राहून मोठ्यानं काही सांगायला मिळत होतं ते तेवढंच.

पंधरवडा सरत आला. काका रोज माती सारवायचे, रोज सकाळी उकिडवे बसायचे, आणि मातीवर नाक टेकेल इतके वाकायचे. कधी बोट फिरवून पाहायचे. बोटाला काही लागायचं नाही. तेवढी बारीक पावलं बोटाला लागत नाहीत. मी चुलीपाशी काम करताकरता खिडकीतून ओल्या पट्ट्यावर नजर ठेवायची, पण भाकरी थापताना किती आणि कसं पाहणार?

आणि एका सकाळी आक्कांनी कडी वाजवली. "ऊठ. आज गोधड्या."

ऊन चांगलं वर आलं तेव्हा आमचं काम ऐन भरात होतं. मोठ्या घंगाळात दोन गोधड्या भिजत, एक दगडावर, आक्कांच्या हातात साबणाची वडी, फेस पार ओल्या पट्ट्याच्या कडेपर्यंत गेलेला. काका मोढ्यावर बसून समोर पाहत होते. सीताफळीखाली चतुर तरंगत होते, ऊन आधीच चटचटायला लागलं होतं. एवढ्यात भिंतीवरून 'चिट् चिट्' झालं आणि तो खाली उतरला. विटेवर. राखी पाठ, पिवळं पोट, शेपटी खालीवर.

काकांच्या पायांपासून दोन-तीन हातांवर असेल. ते थेट त्याच्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी नुसतं कानाशी हात नेला आणि परत मांडीवर ठेवला, कानाची खात्री नसल्यासारखा.

मी तोंड उघडणार तोच आक्कांच्या फेसाळ हातानं माझं मनगट धरलं. गच्च. माझ्या मनात आलं, झालं, आता ह्या गोधडी झटकतील आणि त्याला उडवून लावतील. दोन गोधड्या राहिल्या होत्या. त्यांना तेवढं कारण पुरे होतं.

आक्का उठल्या. पदराला हात पुसत भिंतीच्या कडेकडेनं, धोबी बिचकणार नाही अशा बेतानं घरात गेल्या आणि आल्या त्या शेरवानी घेऊन. ती त्यांनी भावाच्या खांद्यावर टाकली.

"घाल."

"कशाला?"

"तारीख हाय आज."

काकांचे हात शेरवानीवर थांबले. "किधर?" त्यांनी विचारलं, आणि आवाज एकदम लहान झाला होता.

आक्कांनी त्यांची हनुवटी धरून मान जरा डावीकडे वळवली. "विटेवरून उतरला. आता पाण्याच्या कडंला हाय. शेपूट हालवायलाय."

"राखी आहे का?"

"राखी. पोटाला पिवळा. तोच हाय, दुसरा नाय. उतरला की आधी विटेवर चढतो, मग डाव्या अंगानं निघतो. दर साली तसंच."

काकांनी मान आक्कांच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "आक्का, तो डाव्या अंगानं निघतो हे मी कधी तुला सांगितलं नाही."

"तू काय सांगतोस? तू उठायच्या आधी झाडायला कोण येतंय इथं?"

"म्हणजे तू पाहिलाय त्याला?"

"दर साली. तुझ्या आधी."

"आणि माझा पंचनामा?"

"पहिले दिस तो उजाडताच येऊन जातो. पावलं मी पुसत होते. हातानं परत सारवून ठेवायची, तुझ्यासारखीच. गोधड्या झाल्या की मग राहू द्यायची." आक्कांनी हे असं सांगितलं की जणू डाळ निवडून ठेवली म्हणतायत. "तापात पडले होते त्या साली राहिलं पुसायचं. आयची गोधडी गेली."

मी साबणाच्या पाण्यात हात घालून बसले होते. हसावं की रडावं, कळेना. इतकी वर्षं दर भादव्यात आमचं जोरावर असलेलं नशीब ते हे होतं तर.

काकांनी शेरवानीत एक हात घातला, मग दुसरा. बटणं त्यांना सापडत होती. "मला दिसत नाही, आक्का," ते म्हणाले. हे त्यांनी तिला पहिल्यांदाच सांगितलं. "तू पाहिलास, तर आता तूच पुकार. वहिवाट तुझीच ठरली."

"पाहायची माझी," आक्का म्हणाल्या. "पुकारायची तुझी हाय. ती मी मोडायची नाय. हं, ऊठ."

ते उठले. ताठ उभे राहिले, हात पाठीमागे बांधले, आणि डोळ्यांसमोर धुकं असलेल्या त्या माणसानं अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या गल्लीतल्या कुणीतरी ओ दिली.

"धोबी हाजिर हैऽऽ!"

धोबी उडाला. भिंतीवर थांबलाच नाही. भिंतीच्या वरून, शेजारच्या पत्र्यावरून, थेट दिसेनासा झाला. इतक्या जवळून तो आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. मी आणि आक्का त्या दिशेला पाहत राहिलो.

"आहे ना?" काकांनी विचारलं.

"हाय की," आक्का म्हणाल्या. "हालला बी नाय."

काकांचा चेहरा असा उजळला की मी खाली पाहिलं. "सूनबाई," ते म्हणाले, "धुणं बंद."

धुणं बंद झालं. दोन गोधड्या घंगाळात तशाच राहिल्या. काका शेरवानीत मोढ्यावर बसून राहिले आणि आक्का कामातून येताजाता त्यांना सांगत गेल्या. आता विटेवर हाय. आता किडा धरला. आता ऊन लागलं म्हणून पेरूखाली गेला. मी दिवसभर वाट पाहिली, पण खरा धोबी काही त्या दिवशी परत आला नाही. घट बसले तेव्हा घरभर आंबलेल्या गोधड्यांचा वास होता. देवीला तो चालवून घ्यावा लागला.

त्या दिवशी संध्याकाळी काकांनी नेहमीप्रमाणे माती सारवली आणि ते दिवाबत्तीला आत गेले. मी दोरीवरचे कपडे काढत होते. आक्का परसात आल्या, ओल्या पट्ट्यापाशी बसल्या. त्यांनी केरसुणीची एक काडी मोडली आणि मातीत काहीतरी खुपसायला लागल्या. जवळ जाऊन पाहिलं. तीन रेघा पुढं, एक मागं. तीन पुढं, एक मागं. विटेपासून निघून डाव्या अंगानं. प्रत्येक रेघ त्या काडीनं दोनदा गिरवत होत्या, म्हाताऱ्या बोटाला लागेल इतकी खोल. मला पाहिलं तरी थांबल्या नाहीत.

सकाळी काका पेला घेऊन आले, उकिडवे बसले आणि मातीवर बोट फिरवू लागले. एके ठिकाणी बोट थबकलं. मग पुढं सरकलं, परत थबकलं. शेवटच्या पावलापर्यंत ते गेले. आक्का पलीकडं पारिजातकाची फुलं वेचत होत्या.

"आक्का," ते म्हणाले, "यंदा पाऊल जड पडलंय त्याचं."

"वय झालं असंल," आक्का म्हणाल्या.